पन्ह्याचा पेला आणि दारातला माठ

भाद्रपदात पन्ह्याची गोष्ट कशाला, असे संपादक मंडळींनी आम्हाला हसत विचारले. प्रश्न रास्त आहे. गणरायाच्या अंकात मोदकांवर लिहावे, आरत्यांवर लिहावे. पण आम्हाला जे सुचवायचे आहे त्याची तयारी चैत्र लागण्याआधी करावी लागेल, आणि मंडळाचे सगळे सभासद एकत्र येतात ते याच दहा दिवसांत. म्हणून पाऊस पडत असताना उन्हाळ्यावर लिहीत आहोत. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपण माळव्यातले मराठी लोक. अठराव्या शतकात होळकर, शिंदे, पवार यांच्या फौजांमागून आपले पूर्वज नर्मदा ओलांडून आले. कोणी शिलेदार होते, कोणी कारकून, कोणी भिक्षुक. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली आणि इथली मराठी वस्ती वाढत गेली. येताना आपण देव आणले, भाषा आणली, गोडा मसाला आणला. पन्हेही आपणच आणले, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

पन्ह्याचे मूळ शोधायला बरेच मागे जावे लागते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यात सोमेश्वर तिसरा हा राजा होऊन गेला. त्याची राजधानी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राजाने कसे राहावे, काय खावे-प्यावे याचे तपशीलवार वर्णन त्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे. त्यात अन्नाबरोबर पाण्याचा आणि पानकांचा वेगळा विचार केलेला आहे. हा ग्रंथ आजच्या वाचकांसाठी छापून निघाला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत, पहिला खंड १९२५ साली. म्हणजे इथेही एका मराठी संस्थानाचा हात लागलेला आहे.

पानक म्हणजे आंबट फळाचा रस किंवा गूळ-साखर पाण्यात कालवून, सुगंधी द्रव्य घालून केलेले पेय. त्याचेच मराठीत पन्हे झाले, हिंदीत पना झाले, आणि तेलुगूत ते पानकम् म्हणून राहिले. हैदराबादचे आपले बांधव सांगतील की तिकडे रामनवमीला गूळ, सुंठ, मिरी आणि वेलदोडा घातलेले पानकम् वाटतात. आपण त्याच दिवशी सुंठवडा वाटतो. सुंठ तीच, गोडवा तोच, फक्त पाणी बाहेर राहिले. ‘सरबत’ हा शब्द मात्र अरबीतला, फारशीच्या वाटेने आपल्याकडे आला.

तेव्हा आपले पूर्वज पन्हे घेऊन माळव्यात आले, तर इथे केरीचा पना आधीच हजर होता. फरक एवढाच की आपण कैरी उकडत होतो आणि इथली मंडळी ती निखाऱ्यात भाजत होती. आपल्या पन्ह्यात गूळ, वेलदोडा आणि ऐपत असेल तर केशर. इथल्या पन्यात भाजलेले जिरे, पुदिना आणि काळे मीठ. आमच्या घरी आता दोन्ही होतात. चैत्रगौरीला उकडलेले आणि एरवी भाजलेले. कोणते मराठी आणि कोणते माळवी, याचा वाद मुले घालत नाहीत. उरलेला पेला कोणाचा, यावर मात्र भांडतात.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. या महिनाभरात सवडीने एक दिवस हळदीकुंकू करायचे, आल्या-गेल्याला आंब्याची डाळ आणि पन्हे द्यायचे, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. आमची आई पन्हे करायची त्याचे प्रमाण असे : दोन मोठ्या कैऱ्या उकडून, सोलून गर काढायचा. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड आणि चिमूटभराहून थोडे जास्त मीठ घालून सारखे करायचे. पेल्यात हे दोन मोठे चमचे आणि वर माठातले पाणी. मीठ विसरायचे नाही, असे ती प्रत्येक वेळी बजावायची. घामावाटे अंगातले मीठ जाते आणि पाणी अंगात मुरायला गोडाबरोबर खारटही लागते, हे आम्हाला पुढे कळले. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, त्यामागेही हेच तत्त्व होते. त्या पाण्याचे प्रमाण काटेकोर असते आणि आजाऱ्याला तेच द्यावे, पन्हे नव्हे. पण आईच्या चिमटीत काहीतरी शहाणपण होते खास.

पन्ह्याखेरीज आपल्या घरांत तीन पेये टिकून आहेत. पहिले ताक. गंमत अशी की सुश्रुतसंहितेत उष्णकाळी ताक देऊ नये असे सांगितले आहे, आणि आपण नेमके उन्हाळ्यातच ते तांब्याने पितो. आमची आजी यावर तोड काढायची ती पाण्याची. ताजे, आंबट नसलेले दही एक वाटी, पाणी चार वाट्या, घुसळून लोणी काढलेले, त्यात आले, जिरेपूड, मीठ आणि हिंगाचा कण. दुसरे कोकम. कोकणातून आलेल्या घरांत आजही गावाकडून आमसुले येतात. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात या फळाची नोंद केली आहे. दहा-बारा आमसुले दोन वाट्या पाण्यात तीन-चार तास भिजत घालून कुस्करायची, गाळून साखर, जिरेपूड आणि मीठ घालायचे, की सरबत तयार. तिसरे सातूचे. चरकसंहितेत ग्रीष्मासाठी सांगितलेला साखर घातलेला गार मंथ तो हाच, पाण्यात कालवलेल्या सातूचा. माळव्यात ‘सत्तू’ म्हणून गाडीवर मिळतो. इंदूरच्या शिकंजीचे नाव या यादीत घेतलेले नाही, कारण बाहेरगावचे पाहुणे लिंबू-पाणी समजून ती मागवतात आणि समोर आटवलेल्या दुधाचा, सुकामेव्याचा पेला येतो. ती तहान भागवण्याची नव्हे, जेवण चुकवण्याची वस्तू आहे.

आता गारव्याविषयी. पेय गार करून पिणे ही फार काळ बड्यांची चैन होती. अकबराच्या दरबारात सोऱ्याने पाणी गार करीत आणि डोंगरातून बर्फ आणवीत, हे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजात भरलेला बर्फ थेट कोलकत्याला उतरला. पुढे गोटी सोड्याची बाटली आली. तिचे पेटंट हिराम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली घेतले होते. गोरगरिबाला मात्र माठच होता. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन वाफ होते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. त्याला वीज लागत नाही. हवा जितकी कोरडी तितका माठ जास्त गार, म्हणून माळव्या-निमाडच्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो.

हे सगळे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. त्याची किंमत कळली ती दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीत, डिप्लोमा करून लागलेले. लेव्हल आणि स्टाफ घेऊन उन्हात उभे राहणे हा कामाचाच भाग. त्या दिवशी महेश्वरपासून काही कोसांवर मोजणी चालू होती. निमाडचा उन्हाळा माळव्याहून कडक. दुपारी बरोबरच्या बाटल्या संपल्या, उरले ते पाणी चहासारखे तापलेले. आमचा तरुण सहकारी स्टाफ धरून उभा होता, तो एकाएकी खाली बसला. चेहरा पांढरा, हातापायांना गोळे. शेजारच्या शेतातून एक वयस्क बाई आल्या. त्यांनी त्याला झोपडीच्या सावलीत घेतले, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या माठातले पाणी आधी तोंडावर मारले, मग घोटघोट पाजले. थोड्या वेळाने भाजलेल्या केरीचा पना आणला, गूळ आणि मीठ घातलेला. तासाभरात तो उठून बसला. (माणूस बरळू लागला किंवा अंग तापून बेशुद्ध झाला, तर तोंडात काही न घालता तडक दवाखाना गाठावा, हे इथेच सांगून ठेवतो.)

निघताना आम्ही खिशात हात घातला. त्या म्हणाल्या, “पानी का भी कोई दाम लेता है, भैया?” आम्ही हात तसाच बाहेर काढला.

परतीच्या वाटेवर आम्हाला सर जॉन माल्कम यांचे पुस्तक आठवले. १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानवरील या ग्रंथासाठी त्यांनी इथल्या लोकांना विचारून माहिती गोळा केली. देवी अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. माल्कम लिहितात की उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी बाईंची माणसे रस्त्यांवर नेमलेली असत. इतकेच नव्हे, तर महेश्वरच्या आसपास नांगराला जुंपलेले बैल थांबवून बाईंचा सेवक त्यांना पाणी पाजी. मंदिरे आणि घाट आपण सगळे सांगतो. बैलांचे पाणी कोणी सांगत नाही. दोनशे वर्षांनंतर त्याच मुलखात तसेच पाणी आम्हाला मिळाले, आणि देणारीला अहिल्याबाईंचे नावही काढावेसे वाटले नाही. तिच्या लेखी त्यात विशेष काही नव्हते.

आपल्याही लेखी नव्हते. आमच्या जुन्या वाड्याच्या ओट्यावर गुढीपाडव्यापासून दोन माठ असत. अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान होई, आणि माठ मृगापर्यंत भरलेले राहत. हातगाडीवाले, पोस्टमन, शाळेची मुले पाणी पीत. हळदीकुंकवाच्या दिवशी उरलेले पन्हे आई त्यांनाच देई. पुढे रस्ता रुंद झाला. ओटा गेला, माठ गेले. मग वाडाही गेला, आणि आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पन्हे अजून होते, केशर पूर्वीपेक्षा जास्त पडते, पण ते फ्रिजमध्ये राहते आणि घरातलीच चार माणसे पितात. दोष केवळ रस्त्याला देता येणार नाही. इमारतीच्या फाटकाशी माठ ठेवायला आम्हाला कोणी मनाई केलेली नव्हती. आम्ही ठेवला नाही.

म्हणून मंडळाला विनंती. येत्या गुढीपाडव्यापासून आपल्या सभागृहाच्या फाटकाशी तोटीचे दोन माठ ठेवावेत. खर्च फार नाही, माणूस लागेल. रोज माठ घासून गाळलेले पाणी भरणे, झाकण ठेवणे आणि पेले धुणे ही कामे वाटून घ्यावी लागतील. आठवड्यातून एक दिवस, चैत्रगौरीच्या निमित्ताने, येणाऱ्या-जाणाऱ्याला पन्हे द्यावे. तेही कोणाची जात-गाव-भाषा न विचारता. उकडलेले की भाजलेले, हे कार्यकारिणीने ठरवावे. वाद झाल्यास दोन्ही करावीत.

पाळ्यांच्या यादीत सोमवारी सकाळी सहाला आमचे नाव लिहून घ्यावे. गणपती बाप्पा मोरया!