हुरडा, कपाशी आणि वऱ्हाडचे ताट

दिवाळी उलटली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डाक्टर, हुरडा खाल्ला तं शुगर वाढते काय?" उत्तर सोपे आहे, ते शेवटी देतोच. पण या निमित्ताने वऱ्हाडच्या ताटाचा दीडशे वर्षांचा इतिहास सांगायचा मोह आवरत नाही, कारण त्यात एक विसरलेला आजार दडलेला आहे.

आधी ताट बघू. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, आंबाडीची भाजी नाहीतर आंबाडीत शिजवलेल्या कण्या, जवसाची चटणी, ताक. थंडीत तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत. यातले बहुतेक सगळे एकाच शेतातून यायचे. ज्वारीत मूग-उडीद मिसळलेले, कपाशीच्या काही तासांनंतर एक तास तुरीचा, धुऱ्यावर आंबाडी आणि तीळ. ताट काय असणार हे पेरणीच्या दिवशीच ठरायचे.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्यांचा डोळा कापसावर होता. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि भाव इकडे चढले. 1867 पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचलीसुद्धा. खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांत पैसा खेळू लागला. पण कपाशी खाता येत नाही. पुढे भाव पडले, पाऊस हुकला, तेव्हा ज्याच्या घरात धान्य नव्हते त्याला ते बाजारातून चढ्या दराने घ्यावे लागले. 1896-97 आणि 1899-1900 अशा दोन दुष्काळांत उपासाच्या जोडीला पटकी आणि हगवण आली. 1891 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर उतरली होती. कापसाने श्रीमंत झालेल्या मुलखाची ही गोष्ट आहे.

आता तो आजार. ज्या अमेरिकी कापूसपट्ट्यामुळे आपला कापूस महागला, तिथेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्राची साथ पसरली. उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर, हातांवर भाजल्यासारखी काळपट, खरबरीत कातडी, मग जुलाब, शेवटी भ्रम. सगळ्यांना वाटे, हा संसर्गजन्य रोग. 1914 मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरला तपासासाठी पाठवले. रुग्णांना होणारा रोग त्यांची सेवा करणाऱ्यांना होत नाही, हे त्याने हेरले आणि बोट ठेवले ते जेवणावर: मका, काकवी आणि डुकराची चरबी, बस्स.

मला त्याच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो दक्षिण कॅरोलिनातल्या गिरणी-गावांच्या पाहणीचा. मजुरांची मिळकत साधारण सारखी, तरी एका गावात पेलाग्रा भरपूर आणि दुसऱ्यात नाही. फरक कशात? ज्या गावाच्या आसपासचे शेतकरी दूध, भाजी, मांस दारावर आणून विकत, ते गाव वाचले होते. जिथे भोवताली नुसती कपाशीच, तिथे पैसे असूनही विकत घ्यायला ताजे काही नव्हते. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने हे होते, असे 1937 मध्ये कॉनरॅड एल्व्हेयम यांच्या प्रयोगांतून कळले.

"पण आपण मका कुठे खातो?" बरोबर. पण दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा दिसत होता. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनकडे संशयाने बघितले. त्यावर वाद पुष्कळ झाले; एवढे मात्र पक्के की कोरडी भाकरी आणि मिरची म्हणजे पूर्ण जेवण नव्हे. म्हणून 'आमचे आजोबा नुसत्या भाकरीवर नव्वद वर्षे जगले' हे ऐकले की मी विचारतो, वरण नव्हते? ताक नव्हते? शेंगदाण्याची चटणी नव्हती? शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते, आणि ताकातल्या प्रथिनांपासून शरीर थोडे स्वतःही बनवते. ज्वारीचे उणे शेजारच्या तासातले पीक भरून काढत होते.

हे शेतच मग बदलले. 1964 ला सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, पण असे लवकर येणारे वाण पावसातच पिकायचे, दाण्याला काळी बुरशी धरायची, आणि ठेंगण्या ताटांचा कडबाही कमी. 1972 च्या दुष्काळात लोकांनी अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, ते सांगणारे म्हातारे अजून आहेत. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले. त्यानंतर सोयाबीन आले. आज कित्येक शेतांत कपाशी आणि सोयाबीन दोनच पिके. दोन्ही गाडीत भरून जातात आणि स्वयंपाकघरात परतते ती तेलाची पिशवी.

तर हुरडा. ओला असला तरी तो धान्यच आहे, पिठूळ आहे, साखर वाढवणारच. पण तंतुमय आहे, चावून चावून खावा लागतो, त्यामुळे पोट लवकर भरते. वाटीभर खा, आणि त्या जेवणातली भाकरी तेवढी कमी करा. सोबत दही आणि जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी घ्या. गूळ, रेवडी, जिलबी ही हुरडा पार्टीची नवी वऱ्हाडी मंडळी. साखर बिघडते ती बहुधा त्यांच्यामुळे. इन्सुलिन घेत असाल तर त्या दिवशी साखर तपासून बघा.

परवा असेच एकांना सांगितले आणि विचारले, "हुरडा घरच्या वावरातला ना?"

ते हसले. "जवारी आता कोन पेरते डाक्टर? पाखरं राखाले मानूस भेटत नाही. पाचशे रुपये ताट देऊन खाऊन आलो रोडवर."