१०८ सेकंदांत एक गणित: लातूर, कॅल्क्युलस आणि पाण्याची रेल्वे

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या रूमवरून करतो.

एप्रिल २०१६. मी मुखेड तालुक्यातला, म्हणजे नांदेड जिल्ह्यातला. बारावीसाठी लातूरला, ट्यूशन एरियात, तिघांत एक रूम. बोर्डाचे पेपर झाले होते आणि ५ मे ला सीईटी होती. आम्ही अकरावीला गेलो तेव्हा इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईई मेनवर व्हायचे. आमच्या वर्षी राज्याने परत सीईटी आणली. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. हिशेब करा, एका प्रश्नाला १०८ सेकंद.

आणि त्याच महिन्यात लातूरचं पाणी संपलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली: १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. आमची मेस बंद पडली. एक रूममेट म्हणाला, "घरी जातो रे, इथं प्यायलाच नाही तर इंटिग्रेशन काय करू?" तो गेला तो गेलाच. शेवटच्या सगळ्या टेस्ट त्याच्या बुडाल्या.

मी राहिलो. टँकरच्या रांगेत घागर पायाशी आणि हातात फॉर्म्युल्यांची वही. ई रेज टू एक्स, कंसात एफ अधिक एफ डॅश दिसलं की उत्तर ई रेज टू एक्स गुणिले एफ. विचार करायचा नाही, ओळखायचं. वीस सेकंदांत पुढचा प्रश्न. इंटिग्रेशन म्हणजे नक्की काय, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता लोक लगेच म्हणतात, "लातूर पॅटर्न म्हणजे घोकंपट्टी." थांबा जरा. हे असं का झालं, ते बघायला थोडं मागे जाऊ.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथलं उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, आणि माध्यम उर्दू. त्यासाठी खास भाषांतर विभाग होता. उर्दूत कॅल्क्युलसला 'एहसा' म्हणतात. म्हणजे घरी मराठी बोलणाऱ्या पोराने वर्गात उर्दूतून गणित शिकायचं. १९२३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला इंटरमिजिएट कॉलेज निघालं, पण डिग्रीसाठी हैदराबाद गाठावं लागे. मुक्तिसंग्रामातले मोठे नेते गोविंदभाई श्रॉफ हे मुळात गणिताचे माणूस, हे किती जणांना माहीत आहे? त्यांनी गणितातलं एम.एस्सी. केलं ते कोलकाता विद्यापीठातून.

स्वातंत्र्य आलं आणि मग एकेक दार उघडत गेलं. १९५० ला नांदेडचं पीपल्स कॉलेज, १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ, १९७० ला लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय. जनार्दन वाघमारे सर शाहूचे पहिले प्राचार्य. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं, तेव्हा पहिले कुलगुरूही तेच.

कॉलेजं आली, पण मेडिकल-इंजिनिअरिंगच्या जागा मिळवायच्या तर स्पर्धा पुण्या-मुंबईच्या पोरांशी. त्यांच्या घरात आधीच डॉक्टर, इंजिनिअर. आपल्याकडे शेती, आणि तीही पावसावर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. पन्नास वर्षांनंतरही गणिताची भाषा परकीच!

लातूरच्या शिक्षकांनी यावर जे उत्तर काढलं त्याला लोक पुढे 'लातूर पॅटर्न' म्हणायला लागले. त्यात जादू काही नव्हती. सिलॅबस लवकर संपवायचा. सुट्टीत जादा तास. टेस्टवर टेस्ट. पेपर तपासून पोराच्या हातात द्यायचा आणि चूक कुठे झाली ते दाखवायचं. परीक्षेची भीती जावी इतक्या वेळा परीक्षा घ्यायची. घरी सांगणारं कुणी नसलेल्या पोराला हे सगळं कॉलेजात मिळालं. नंतर खासगी क्लासेस आले, नांदेडही मेडिकलच्या तयारीचं मोठं केंद्र झालं, फी वाढली, हे खरं. पण मूळ कल्पना ही होती.

त्यामुळे मला घोकंपट्टीचा राग येत नाही. दार अरुंद होतं आणि सरांनी आम्हाला त्यातून कसं निसटायचं ते शिकवलं. मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालं, ते त्या १०८ सेकंदांमुळेच.

पण एक गोष्ट सलते. नोकरीला लागल्यावर एका रात्री सर्व्हरचा ग्राफ बघत होतो. दर सेकंदाला किती रिक्वेस्ट येतात त्याची वर-खाली जाणारी रेषा. रात्रभरात एकूण किती आल्या, ते काढायचं होतं. म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ. आणि एकदम टँकर आठवला. सुरुवातीला पाइपातून पाणी जोरात यायचं, टँकर रिकामा होत आला की बारीक धार. प्रत्येक क्षणाची धार जोडत गेलं की घागरीतलं पाणी. हेच इंटिग्रेशन! आणि घागर त्या क्षणी किती वेगाने भरतेय, ते डेरिव्हेटिव्ह.

मी त्या रांगेत तासन् तास उभा होतो. एका हातात वही होती, समोर तिचा अर्थ वाहत होता, आणि मला दिसला नाही.

तर ज्यांची सीईटी तोंडावर आहे, त्यांनी आज ट्रिकच पाठ करा, मी काही उपदेश करणार नाही. पेपर झाला की मात्र एक संध्याकाळ काढा. घरची टाकी भरताना शेजारी बसा, दर मिनिटाला पातळी मोजा, वहीत लिहा, आलेख काढा. आधीच्या पिढ्यांनी दारापर्यंत आणून सोडलंय. आत काय आहे, ते आपण बघायचं राहिलंय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, नळ बंद करायला विसरू नका.