जेकब आर्वी : शिकागोचे यहुदी पुढारी

जेकब आर्वी यांचा जन्म 1895 साली शिकागो शहरात झाला. आईवडील पूर्व युरोपातून आलेले गरीब यहुदी. वडील लवकर वारले. दिवसा काम करून जेकब कायदा शिकले आणि 1916 मध्ये वकील झाले.

त्यांचा मुलूख म्हणजे लॉनडेल भागातला 24 नंबरचा वॉर्ड. तिथं बहुतेक वस्ती यहुदी लोकांची होती. 1923 ते 1941 ते तिथले नगरसेवक होते. शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेला ‘मशीन’ म्हणत. तिचे काम सोपे होते. कोणाला नोकरी हवी, कोणाच्या घरी थंडीत कोळसा नाही, कोणाचा मुलगा पोलिसांनी धरला, तर पक्षाचा माणूस दारात हजर. बदल्यात मत द्यायचं. 1936 मध्ये या वॉर्डाने रूझवेल्ट यांना सुमारे 29,000 मते दिली. विरुद्ध पडली 700 च्या आसपास!

महायुद्धात आर्वी सैन्यात कायदा अधिकारी होते. परत आल्यावर 1946 मध्ये ते कुक कौंटीच्या पक्षाचे अध्यक्ष झाले. महापौर केली यांची बदनामी झाली होती, म्हणून 1947 मध्ये त्यांना बाजूला करून केनेली या व्यापाऱ्याला उभे केले. 1948 मध्ये स्टीव्हन्सन गव्हर्नर आणि प्राध्यापक डग्लस सिनेटर झाले. स्टीव्हन्सन 5,72,000 मतांनी जिंकले. चांगला उमेदवार दिला की मशीनही तरते, हे आर्वींनी ओळखले होते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काळ्या लोकांना शहरात कुठेही राहता यावे असे केली म्हणत, आणि त्यामुळेही गोरे मतदार त्यांच्यावर रागावले होते. म्हणजे ती ‘सुधारणा’ निव्वळ स्वच्छ नव्हती. पुढे 1950 मध्ये शेरीफच्या जागेसाठी गिल्बर्ट नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला तिकीट दिले. त्याची अफाट कमाई सिनेटच्या चौकशीत बाहेर आली. पक्ष आपटला, सिनेटमधले पक्षनेते लुकासही पडले, आणि आर्वींनी अध्यक्षपद सोडले.

त्यानंतरही पक्षात त्यांच्या शब्दाला वजन होते. इस्राएल बॉण्ड्सच्या कामालाही त्यांनी हातभार लावला. 1977 साली ते वारले.

आपणही परक्या देशात येऊन वसलेले लोक. अडीअडचणीला धावून येणारा पुढारी आपल्याला जवळचा वाटतो, आणि ते साहजिकच आहे. पण मला वाटतं, त्याने आपलं काम केलं एवढं पाहून भागत नाही. तो तिकीट कोणाला देतो, तेही विचारलं पाहिजे.