कुष्ठरोग, कायदा आणि कल्याणची एक वसाहत

१८९८ च्या लेपर्स ॲक्टने निर्धन कुष्ठरुग्णांना आश्रमांत डांबण्याची मुभा दिली. तीनच वर्षांनी ठाण्याचे मनोरुग्णालय सुरू झाले. त्वचा बिघडो वा मन, तोडगा एकच: भिंत! पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही घटस्फोटाच्या कारणांत वेड आणि ‘असाध्य’ कुष्ठरोग शेजारीशेजारी बसले. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचाराने हा रोग साध्य झाला, तरी ते कलम थेट २०१९ पर्यंत टिकले. अंगावर चट्टा दिसताच संसार मोडण्याच्या धास्तीने झोप उडावी, माणसाने तो लपवावा, उपचार लांबावेत, यात नवल ते काय? कल्याणच्या पत्रीपुलाजवळील हनुमाननगर वसाहतीत अशाच बहिष्कृतांनी घरे केली. तेथील सेवेसाठी डोंबिवलीच्या गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.