तारा, नळ्या आणि मार्क सेगें

वाफेच्या इंजिनाचा विषय निघाला की आपल्याला इंग्लंडचे स्टीफन्सन पितापुत्र आठवतात. शाळेच्या पुस्तकांनी तसेच शिकवले आहे. फ्रान्समधील आनोने येथे १७८६ साली जन्मलेल्या मार्क सेगें यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. १७८३ मध्ये आकाशात फुगा सोडणारे मोंगोल्फिए बंधू याच गावचे. त्यांपैकी जोसेफ हे सेगें यांच्या आईचे चुलते. शास्त्राची गोडी त्यांनीच या नातवाला लावली.

त्या काळी झुलते पूल लोखंडी साखळ्यांवर टांगीत. एक कडी तुटली की सारी साखळी निकामी. सेगें यांनी साखळीऐवजी बारीक तारांचे जुडगे वापरले. एखादी तार सदोष निघाली तरी तिचा भार बाकीच्या वाहतात. ऱ्होन नदीवर तूर्नों येथे त्यांचा असा पूल १८२५ साली खुला झाला. तो १९६५ मध्ये पाडण्यात आला. आंदांस येथील १८२७ चा पूल मात्र दुरुस्त्या होत होत टिकून आहे.

पुढे सेंत एतिएन ते लियों हा लोहमार्ग बांधताना त्यांनी स्टीफन्सनची इंजिने मागविली. ती पुरेशी वाफ देईनात. बॉयलरमधून एखाद-दुसरीच जाड नळी जाई आणि बरीचशी उष्णता धुराड्यावाटे वाया जाई. सेगें यांनी पाण्यातून अनेक बारीक नळ्या नेल्या व तप्त वायू त्यांतून खेळविला. पाण्याला उष्णता देणारा पृष्ठभाग कितीतरी वाढला. तारांच्या जुडग्याचीच ही युक्ती, असे मला नेहमी वाटते. याचे पेटंट त्यांना फेब्रुवारी १८२८ मध्ये मिळाले. पंचवीस नळ्यांचे ‘रॉकेट’ रेनहिलची शर्यत जिंकले ते ऑक्टोबर १८२९ मध्ये. तेथे ती कल्पना हेन्री बूथ यांनी सुचविली होती. तेव्हा कोणी कोणाची चोरी केली असे म्हणू नये. शिवाय आग फुलविण्यासाठी सेगें यांनी चाकांवर फिरणारे अवजड पंखे लावले, तर स्टीफन्सननी वापरून झालेली वाफच धुराड्यात सोडली. हा उपाय निःसंशय सरस. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या गाडीच्या इंजिनांत नळ्या व वाफेचा झोत, दोन्ही होते.

उत्तरायुष्यात सेगें आपल्या मोठ्या कुटुंबासह फोंतने येथे राहिले. संत बर्नार्ड यांनी १११८ मध्ये स्थापिलेला हा मठ. फ्रेंच राज्यक्रांतीत मठवासी बाहेर पडले, आणि सेगें यांच्या सासऱ्यांनी १८२० मध्ये तो घेऊन तेथे कागदाची गिरणी चालविली. १९०६ पासून त्याच घराण्याच्या एका जावयाने गिरणी हटवून मठाला पूर्वरूप दिले. मठवासीयांची पाण्याच्या जोरावर चालणारी जुनी लोहारशाळा तेथे अजून पाहावयास मिळते.