गळाच्या काठीचें टोंक

गळाची काठी मोडते ती बहुधा टोंकाशीं, आणि बहुतेक वेळां त्या कामीं माशाचा कांहीं हात नसतो. दाराच्या फटींत सांपडून, बाभळीच्या फांदीस अडकून, इतर सामानाखालीं दबून किंवा मोटारीच्या दारांत चेंगरून तिचा शेवटचा वीतभर भाग जातो. धनी हळहळतो, उरलेली काठी कोपऱ्यांत उभी करतो, आणि पुढें कधीं दुरुस्तीचा योग आलाच तर नवें टोंक पहिल्यापेक्षां जाड व बळकट असावें असें त्यास वाटतें. हें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु गळाच्या काठीचा इतिहास त्याच्या अगदीं उलट साक्ष देतो. टोंक नाजूक असतें तें कारागिराच्या चुकीनें नव्हे, हेतूनें. आणि त्याची दुरुस्ती म्हणजे त्यास बळकटी आणणें नव्हे, तर त्याचा नाजूकपणा त्यास परत देणें होय.

ह्या इतिहासाचा आरंभ देगलूरपासून करण्यास चांगलें कारण आहे. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, मराठी, कानडी व तेलुगू ह्या तीन भाषा जेथें एकमेकींस भेटतात, तेथें हें गांव वसलें आहे. तालुक्यांतून लेंडी नदी वाहते. ती मांजरेस मिळते, आणि मांजरा पुढें कंदकुर्ती येथें गोदावरीस मिळते. दक्षिणेंतील ह्या नद्यांवर मासेमारी हा परंपरेनें भोई समाजाचा व्यवसाय, आणि त्यांचें मुख्य साधन जाळें. जाळें पोटासाठीं असतें. गळाच्या काठीचें तसें नाहीं. तिच्या जोरावर संसार चालत नाहीं. ती घेऊन मनुष्य कांठावर बसतो तो अर्धा माशासाठीं आणि अर्धा बसण्याच्या सुखासाठीं.

ह्या सुखाची नोंद एका राजानें संस्कृत ग्रंथांत करून ठेविली, आणि तो राजा ह्याच भूभागाचा धनी होता. देगलूरजवळ होट्टल येथें आजही जीं चालुक्यकालीन मंदिरें उभीं आहेत, तीं कल्याणीच्या चालुक्यांच्या वैभवाचीं चिन्हें होत. त्यांची राजधानी कल्याण, म्हणजे कर्नाटकांतील बसवकल्याण, देगलूरच्या नैर्ऋत्येस सरळ रेषेनें सुमारें १०० किलोमीटरांवर आहे. तेथें इ. स. ११२६ पासून ११३८ पर्यंत सोमेश्वर तिसरा हा राज्य करीत होता. त्याच्या नांवावर असलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ वीस-वीस अध्यायांच्या पांच विंशतींत विभागलेला आहे. राज्य कसें मिळवावें, तें स्थिर कसें करावें, उपभोग कोणते, विनोद कोणते आणि क्रीडा कोणत्या, असा त्याचा विस्तार आहे. माशांचीं पक्वान्नें ह्या ग्रंथांत आहेत. पण तीं अन्नभोगाच्या प्रकरणांत. मासे गळानें धरण्याचा विषय मात्र निराळ्या ठिकाणीं, विनोदांच्या विंशतींत, 'मत्स्यविनोद' ह्या नांवानें आला आहे. माशांच्या जाती, त्यांना रुचणारें खाद्य आणि त्यांना गळास लावण्याची रीत ह्यांचा विचार त्यांत केला आहे. जेवणाचा मासा एका प्रकरणांत व खेळाचा मासा दुसऱ्यांत, हा विवेक आठशे वर्षांहून जुना आहे.

हा ग्रंथ आधुनिक वाचकांच्या हातीं आला तो बडोद्यामुळें. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेले त्याचे तीन भाग १९२५, १९३९ व १९६१ ह्या वर्षीं प्रसिद्ध झाले. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ मध्यें मत्स्यविनोदावर स्वतंत्र लेख लिहून ह्या प्रकरणाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें.

राजाची काठी असो वा गुराख्याच्या पोराची, तिच्यामागील तत्त्व एकच. बूड जाड, मध्यभाग त्याहून बारीक आणि शेंडा सर्वांत बारीक. मासा हिसका देतो तेव्हां प्रथम शेंडा वांकतो व तो हिसका स्वतः सोसतो. ओढ वाढली म्हणजे वांक मध्यभागाकडे आणि शेवटीं बुडाकडे सरकतो. शिवाय पाण्याखालीं आमिषास झालेला हलकासा स्पर्श हातास कळवितो तोही शेंडाच. शेंड्याच्या जागीं ताठर दांडकें बसविलें तर दोन्ही कामें बिघडतात. स्पर्श कळत नाहीं, आणि हिसका सारा दोरीवर व तिच्या गांठीवर पडतो. मग टोंक शाबूत राहतें, पण दोरी तुटते. धन्याचा गळ गेला, हें नुकसान लहान. मुक्या जीवाच्या जबड्यांत लोखंड रुतून राहिलें, हें मोठें. न मोडणाऱ्या टोंकाची किंमत अशी माशास द्यावी लागते.

बांबू ह्या कामास निसर्गतःच योग्य. त्याचे बळकट तंतू सालीकडे दाट व आंतल्या बाजूस विरळ असतात. म्हणून जाणता कारागीर शेंड्याची साल तासून बारीक करीत नाहीं, तर मुळांतच बारीक वाढलेला शेंडा निवडतो. विदर्भाच्या जंगलांतील मानवेल हा जवळजवळ भरीव बांबू काठ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. असा शेंडा मोडला तर मोडल्या जागेमागची चिरफळलेली बाजू निरोगी भागापर्यंत कापून टाकावी लागते. उरलेल्या काठीस व नव्या शेंड्यास सारखाच तिरपा छेद द्यावयाचा. छेदाची लांबी काठीच्या जाडीच्या दहा-बारा पट असावी, म्हणजे चिकटण्यास पृष्ठभाग भरपूर मिळतो. सांध्यावर पेर येऊं द्यावयाचें नाहीं. दोन्ही छेद सरसानें चिकटवून वर बारीक दोऱ्याचे वेढे शेजारीं शेजारीं आवळून घ्यावयाचे, आणि ओल शिरूं नये म्हणून त्यांवर रोगण चढवावयाचें.

येथेंच उत्साही मनुष्य चुकतो. वेढे जितके अधिक तितकी मजबुती, असें समजून तो थरावर थर चढवितो. सांधा दगडासारखा होतो खरा. पण काठी वांकली कीं सारा ताण त्या कठीण भागाच्या कडेशीं सांचतो, आणि पुढच्या वेळीं काठी तेथेंच मोडते. म्हणून वेढा एकपदरी ठेवावा व टोंकांशीं विरळ करीत न्यावा. दुरुस्ती साधली कीं नाहीं, हें शेंड्यास लहानसें वजन बांधून पाहतां येतें. काठी कमानीसारखी एकसंध वांकली तर साधली. कोठें कोपर दिसलें तर फसली.

एकोणिसाव्या शतकांत दक्षिणेंतील नद्यांवर इंग्रज अधिकारी आपल्या काठ्या घेऊन बसूं लागले. कर्नल साइक्स ह्यानें पुण्याजवळच्या नदींतील खडशी माशाचें शास्त्रीय वर्णन १८३९ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि त्या माशाच्या शास्त्रीय नांवांत मराठी शब्दाचाच अवशेष 'खुद्री' ह्या रूपानें राहिला. मद्रासच्या मुलकी सेवेंतील हेन्री सलिव्हन थॉमस ह्याचें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक १८७३ मध्यें निघालें. ह्या मंडळींच्या काठ्या तुकड्यातुकड्यांच्या असत व पितळी नळ्यांनीं एकमेकींत बसविल्या जात. शेंडा निराळा झाल्यामुळें तो मोडला तर तेवढाच बदलतां येऊं लागला.

त्याच काळीं हिंदुस्थानचा बांबू समुद्रापार गेला. अमेरिकेंत सॅम्युएल फिलिप ह्यानें शतकाच्या मध्यास बांबूच्या पट्ट्या तासून, जोडून काठ्या केल्या, आणि पुढें हायरम लेनर्डनें सहा पट्ट्यांची काठी नांवारूपास आणली. आरंभीं ह्यासाठीं 'कलकत्ता केन' ह्या नांवाचा बांबू वापरीत. मागाहून चीनमधील टोंकिन बांबूनें त्याची जागा घेतली. अशा उंची काठीबरोबर पुष्कळदां एकाऐवजीं दोन शेंडे दिले जात. ज्यांनीं जगांतील उत्तम काठ्या केल्या, त्यांनींही टोंक मोडणार हें गृहीत धरलें. न मोडणारें टोंक करण्याच्या भरीस न पडतां त्यांनीं दुसरें टोंक हातीं दिलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

१९५० मध्यें अमेरिकेनें चिनी मालावर बंदी घातल्यावर टोंकिन बांबू तेथें दुर्मिळ झाला, आणि कांचतंतूंच्या काठ्या झपाट्यानें पसरल्या. १९७० नंतरच्या दशकांत कार्बनतंतूंच्या काठ्या आल्या. ह्या हलक्या, पोकळ आणि अतिशय संवेदनशील. पण आडव्या दाबानें त्यांची नळी चिरडते. दुरुस्तीचें तत्त्व मात्र बदललें नाहीं. अगदीं टोंकाशीं दोन-चार बोटें तुटलें असेल तर चिरफळलेला भाग बारीक करवतीनें कापून, नळीच्या जाडीस बसणारी नवी कडी तापवून लावावयाच्या लाखेसारख्या डिंकानें बसवितात, म्हणजे पुन्हां गरम करून ती काढतां येते. घासतांना उडणारी धूळ श्वासांत जाऊं नये म्हणून नाकातोंडावर बारीक धूळ अडविणारा मुखवटा बांधणें व घासावयाची जागा ओली ठेवणें इष्ट. काठी आंखूड झाली म्हणजे थोडी ताठरही होते. तिच्यासाठीं मग किंचित् जाड दोरी व अधिक सावध हात लागतो. तुकडा मोठा गेला असेल तर कडी लावून भागत नाहीं. तशाच वांकाचा दुसरा शेंडा शोधावा लागतो.

कल्याणचें राज्य लयास गेलें, होट्टलच्या दगडांवर शतकांचीं पावसाळीं पाणीं पडून गेलीं, आणि गळाची काठी वेळूपासून कार्बनापर्यंत आली. तरी लेंडीच्या कांठावर एखादा मुलगा मोडक्या काठीस नवा शेंडा जोडावयास बसला, तर त्याच्यापुढील प्रश्न तोच आहे. हातांतील दोन शेंड्यांपैकीं जाड निवडावा कीं बारीक? जाड निवडला तर काठी पुष्कळ दिवस टिकेल. बारीक निवडला तर ती कदाचित् पुन्हां मोडेल. पण तोंवर पाण्याखालीं काय घडत आहे तें त्यास कळत राहील, आणि सुटलेला मासा गळ घेऊन सुटणार नाहीं. जाणत्यांनीं आजवर बारीकच निवडला आहे.