हौसेचे मोल

हौसेला मोल नाही, असे आपण सहज म्हणून जातो. लग्नाचा मांडव ऐपतीपेक्षा जरा मोठा पडला की घरातले वडीलधारे हे वाक्य उच्चारतात आणि सावकाराकडच्या फेरीचा विषय तेवढ्यापुरता टळतो. परंतु माझे आयुष्य कारखान्यांचे ताळेबंद वाचण्यात गेले. खर्चाची बाजू कोणी भरली आणि जमेची कोणी उचलली, हे पाहिल्याशिवाय मला आकडा पुरा वाटत नाही. म्हणून आज शिकार आणि नौकानयन ह्या दोन बड्या छंदांचा हिशेब आपल्यापुढे मांडतो.

इंग्लंडातील जमीनदार आपल्या शिकारीचा हिशेब स्वतःच थट्टेने सांगत. फेझंट नावाचा कोंबड्याच्या जातीचा पक्षी पाळून वाढवावा नि उडवावा, ह्याला एक गिनी लागते. त्याच्यावर झाडलेले काडतूस दीड पेनीचे. आणि खाली पडलेला पक्षी बाजारात विकावा तर हाती येतो अर्धा क्राउन. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, अर्धा क्राउन म्हणजे अडीच. एका पक्ष्यामागे अठरा शिलिंग साडेसात पेन्सची खोट! ही म्हण आहे, तपासनिसाने सही केलेला हिशेब नव्हे, हे मी विसरत नाही. पण पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडातील शेतमजुराची आठवड्याची कमाई साधारण ह्याच घरात होती. एक बार, एक पक्षी आणि एका कुटुंबाचा आठवडा, अशी ती तोलामोलाची गोष्ट होती.

हे असे पूर्वीपासून नव्हते. ठासणीची बंदूक होती तोवर माणूस कुत्रा घेऊन रानात हिंडे, दिवसाकाठी चारदोन पक्षी मारी आणि दमून घरी येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरण्याची बंदूक आली आणि बार भराभर निघू लागले. मग शिकाऱ्याने जागेवर उभे राहावे आणि गावच्या माणसांनी काठ्या आपटीत रान उठवावे, ही रीत पडली. एवढे पक्षी रानात आपोआप निपजत नाहीत, तेव्हा अंडी उबवून ते पोसणे आले. १८ डिसेंबर १९१३ रोजी बीकन्सफील्डजवळच्या हॉल बार्न ह्या जमीनदारीत एका दिवसात ३,९३७ फेझंट पडले. पाहुण्यांत खुद्द बादशहा पंचम जॉर्ज होते. आज जरा अतिरेकच झाला, असे परतताना ते बोलल्याची आठवण त्यांच्या मुलाने पुढे नोंदवली आहे.

ह्या छंदाने हजारो लोकांना रोजी दिली, असे त्याचे कैवारी म्हणतात, आणि ते खोटे नाही. शिकाररक्षकाचा धंदा करणारे त्या काळी वीस हजारांवर होते. बंदुका घडवणारे बर्मिंगहॅमचे कारागीर वेगळेच. फेझंटांच्या आसऱ्यासाठी राखलेल्या झाडीमुळे कित्येक राया नांगराखालून वाचल्या. हे सगळे जमेला धरा. पण खर्चाच्या बाजूला १८२८ चा कायदाही लिहा. रात्रीच्या वेळी चोरून शिकार करणारा तिसऱ्यांदा सापडला तर त्याला सात वर्षांची हद्दपारी होती. सशासाठी सात वर्षे समुद्रापार!

आता नौकेकडे वळू. होडी वल्हवणे हा तर मुळात श्रमाचाच छंद. थेम्स नदीवर नावाड्यांच्या शर्यती १७१५ पासून चालत आल्या आहेत. पुढे विद्यापीठांतले तरुण आणि सुखवस्तू गृहस्थ त्यात उतरले, आणि लवकरच त्यांना एक अडचण दिसली. रोज वल्हे मारणारा माणूस शर्यतीत बहुधा त्यांच्या पुढे जाणार. १८७९ मध्ये हेन्ली येथील प्रसिद्ध शर्यतींच्या व्यवस्थापकांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली. पैशासाठी शर्यत मारणारा तर वर्ज्य होताच. पण जो मजुरीवर यांत्रिक, कारागीर किंवा मजूर म्हणून काम करतो, किंवा पूर्वी कधी करत असे, तोही वर्ज्य ठरला. त्याने होडीवर एक पैही मिळवलेली नसली तरी! हाताने काम केले, एवढाच त्याचा दोष. लोकांनी तो नियम शिस्तीचा म्हणून मान्य केला. मला ह्यात नवल वाटत नाही. कामगारांविरुद्धचा सर्वांत कडक नियम नेहमी सभ्य भाषेतच लिहिलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

ह्याविरुद्ध उठले ते फ्रेडरिक फर्निव्हल नावाचे विद्वान. इंग्रजीच्या महाकोशाचे आरंभीचे एक संपादक, आणि १८५४ साली लंडनमध्ये निघालेल्या कामगारांच्या महाविद्यालयातले शिक्षक. कामगारांना रविवारी होडीवर नेणारा हा मनुष्य. मजुरांना मज्जाव न करणारी निराळी संघटना १८९० मध्ये निघाली, तिच्या मागे ते होते. एका नदीवर दोन संघटना, एक हात मळलेल्यांना घेणारी आणि एक न घेणारी, अशा १९५६ पर्यंत नांदल्या.

१९२० मध्ये फिलाडेल्फियाचा जॉन केली हेन्लीला यायला निघाला. तो वीटकाम करणारा गवंडी होता. त्याचा प्रवेश नाकारण्यात आला. त्याच्या क्लबावर जुनी बंदी होती हे एक कारण, आणि त्याने हाताने काम केले होते हे दुसरे. त्या वर्षी हेन्लीची एकेरी शर्यत इंग्लंडच्या जॅक बेरस्फर्डने जिंकली. थोड्याच आठवड्यांनी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये ह्याच बेरस्फर्डला केलीने एका सेकंदाने मागे टाकले. तरीही नियम हलला नाही. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ बर्लिनला जाताना हेन्लीस उतरू पाहत होता. संघात सारे पोलीस, म्हणून त्यांनाही दार बंद. बोभाटा झाला आणि १९३७ मध्ये ती अट गेली. १९४७ मध्ये हेन्लीची तीच एकेरी शर्यत केलीच्या मुलाने जिंकली.

आपल्या देशातले उदाहरण ह्याहून गुंतागुंतीचे आहे, आणि मला त्याचा निवाडा अजून सोपा वाटत नाही. राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेवाच्या देवळाभोवती सखल जमीन आहे. अजान बांधाचे पाणी तिच्यात खेळवून संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीचे तळे केले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आले आणि ह्या शिकारीला दरबारी थाट चढला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्या मेजवानीत ४,२७३ पक्षी पडले. देवळाजवळ शिळालेख आहेत. तारीख, पाहुण्याचे नाव, बंदुका किती, पक्षी किती, सर्व कोरलेले. पाण्यात उतरून पक्षी गोळा करणाऱ्यांची मोजदाद तेवढी नाही. राजपुतान्यातील अनेक संस्थानांत शिकारीला वेठीची माणसे नेण्याची रीत होती. मेवाडात बिजोलियाच्या शेतकऱ्यांनी जो दीर्घ लढा दिला, त्यात बेगार ही एक मोठी तक्रार होती.

पण ही जागा शिकारीसाठी राखली नसती तर ती केव्हाच नांगरली गेली असती. स्वातंत्र्यानंतर तसा आग्रह झालाही, आणि तो थोपवण्यात डॉ. सालिम अलींचा मोठा वाटा होता. हे सालिम अली पक्ष्यांकडे वळले कसे? लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ती सोसायटी १८८३ मध्ये आठ गृहस्थांनी काढलेली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. आरंभीच्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. तेव्हा बंदुकीच्या खात्यावर हीही जमा लिहावी लागते.

भरतपूरची मोठी शिकार १९६४ नंतर झाली नाही. पुढे तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये गावच्या गुरांना आत चरण्यास बंदी झाली. पिढ्यानपिढ्या तेथे म्हशी नेणारे लोक जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मेले. राजाच्या छंदासाठी राखलेल्या कुरणात मेले ते गुराखी! त्यानंतर ह्याच मुंबईच्या सोसायटीने तेथे अनेक वर्षे अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की म्हशी चरत होत्या तोवर पाणी मोकळे राहत होते. चराई थांबताच गवत माजले, पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांचीच जागा आटली. म्हशींचे काम आता विळ्याने आणि यंत्राने करायचे, असा प्रसंग आला. पुढे आत माजलेली विलायती बाभूळ उपटून तिचे सरपण नेण्याची मुभा गावकऱ्यांना मिळाली.

आज त्या उद्यानात पाहुण्यांना रिक्षाने फिरवतात. उद्यानाने शिकवून तयार केलेले हे रिक्षावाले पाणकावळा कोणता, पाणडुबी कोणती, हे रिक्षा चालवता चालवता दाखवतात, आणि शिळालेखांपाशी रिक्षा थांबवून पाहुण्यांना ते आकडे वाचू देतात.